बाईंचं सातवं प्रकरण

ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांनी व्यक्तिचित्र लिहावं, असं मला अजून वाटतं. आमच्या घरी माझ्या आधी सही करणारंसुद्धा कोणी नव्हतं. बाबा अंगठा उठवायचे, आणि तोही जाळ्याच्या कामाने इतका घासलेला की रेशनच्या दुकानात दोनदा उठवावा लागे. त्यामुळे बाईंवर मी लिहावं हे जरा अतिच होतं आहे, आणि त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी दोनदा विचारलं, दोनदा मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हो म्हणालो, कारण बाईंबद्दल कॉलेजात आजही जे बोललं जातं ते सगळं विटांबद्दल असतं.

विटांचं आधी सांगून टाकतो. खांदा कॉलनीतल्या बाईंच्या फ्लॅटमध्ये एक लोखंडी खाट होती. तिच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा होत्या. डोकं खाली आणि पाय वर, अशा त्या झोपायच्या, महिनामहिना. सकाळी उठून आरशासमोर उभ्या राहायच्या, फुगलेल्या चेहऱ्यावर बोट दाबून बघायच्या आणि वहीत लिहायच्या. अंतराळात गेलेल्या माणसाचं रक्त पायांकडून डोक्याकडे चढतं. ते जमिनीवर अनुभवायचं असेल तर यापेक्षा सोपा मार्ग नाही, असं त्यांचं म्हणणं. मोलकरणीने ही बातमी जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर पोचवली होती. कोणी म्हणे करणी आहे, कोणी म्हणे पाठदुखी. बाईंना विचारलं तर त्या सांगायच्या, "मंगळावर जायची तयारी चाललीय. तुम्हाला यायचंय का?"

बाई मुळात डॉक्टर. विमानदलात वैमानिकांच्या तब्येती तपासण्यात त्यांची वीस वर्षं गेली. आपला पहिला माणूस अंतराळात जाऊन आला त्या सुमारास त्या नोकरीत होत्या, आणि पुढे कधीतरी वरिष्ठांशी भांडून बाहेर पडल्या. नव्या पनवेलला तेव्हा झाडं नव्हती, धूळ होती, आणि मुंबईहून आलेली नोकरदार माणसं होती. बाईंनी तिथे फ्लॅट घेतला, आमच्या कॉलेजात शरीरशास्त्राचे आठवड्याला दोन तास घेऊ लागल्या, आणि उरलेल्या वेळात एक पुस्तक लिहू लागल्या. फार लांबच्या, वर्षावर्षांच्या अंतराळप्रवासाला निघणाऱ्या माणसांची तयारी कशी करावी, याचं ते पुस्तक. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं.

दारावर त्यांनी मंगळाचा मोठा नकाशा लावला होता. त्यावरून कॉलनीतल्या आया मुलींच्या पत्रिका घेऊन यायच्या. बाई पत्रिका घ्यायच्या, नीट घडी घालून परत करायच्या आणि म्हणायच्या, "मी बारा वर्षं याच ग्रहाच्या मागे आहे. तो इतका लांब आहे, की त्याला सहा नंबरच्या बिल्डिंगमधलं लग्न दिसत नाही. करून टाका." अशी किमान तीन लग्नं त्यांच्यामुळे झाली, आणि तिन्ही सुखाची आहेत. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ एकदा जिन्यात म्हणाले, "एस.टी. वेळेवर येत नाही आणि बाई निघाल्या मंगळावर!" बाई थांबल्या. "म्हणूनच निघालेय. वाट बघायची सवय पनवेलकरांइतकी कोणाला आहे?"

माझी त्यांची ओळख दातांवरून झाली. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "आ कर." वर्ग हसला. मी तोंड उघडलं. "उजवीकडची दाढ किडलीय. मंगळाच्या वाटेवर ही दुखली तर काय करशील? परत यायला सव्वा वर्ष." मी म्हणालो, "बोटीवर दाढ दुखली की लवंग धरतात, बाई." वर्ग पुन्हा हसला, पण बाई हसल्या नाहीत. "कुठला तू?" मी करंजाचा, म्हणालो. बाबा तांडेल आहेत, बोट त्यांच्या हुकमाने चालते, आणि ती दहा-बारा दिवस समुद्रात असते. त्या दिवसापासून माझं नाव करंजा झालं. माझं खरं नाव त्यांनी हजेरीतसुद्धा घेतलं नाही.

तास संपल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं. बोटीवर किती माणसं? भांडण झालं तर कोण सोडवतं? जेवण करणाऱ्याला कोणी नावं ठेवतं का? घरची आठवण आली तर माणूस काय करतो? हे प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. आमच्या धंद्यात काही शिकण्यासारखं आहे हेच मला माहीत नव्हतं. मी तर मासळीचा वास जावा म्हणून सकाळी दोनदा साबण लावून कॉलेजात येत होतो.

बाईंचं एक वाक्य तेव्हा वहीत उतरवून ठेवलं होतं: "यंत्र बिघडलं की आवाज करतं. माणूस बिघडला की 'ठीक आहे' म्हणतो." अग्निबाण बनवणारे पुष्कळ आहेत, त्याच्या आत बसणाऱ्याचा विचार करणारं कोणी नाही, ही त्यांची तक्रार होती. वजन नसलं की हाडं झिजतात, ते त्यांनी पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. सूर्याचे जहाल किरण दुसऱ्यात. एकाच चवीचा कंटाळा पाचव्यात, आणि त्यासाठी त्यांनी स्वतः चाळीस दिवस फक्त मुगाची खिचडी खाल्ली होती. सातवं प्रकरण बातमीचं होतं. प्रवासी घरापासून कोट्यवधी मैल दूर आहे, परत फिरता येत नाही, आणि इकडे त्याची आई गेली. त्याला सांगायचं की नाही? नोकरीत असताना बाईंनी लिहून दिलं होतं की सांगायचं, नेहमी सांगायचं. वरिष्ठांनी ते खोडलं. ते वरच्या अधिकाऱ्याने ठरवायचं, असं त्यांचं मत. त्याच भांडणावरून बाई बाहेर पडल्या होत्या, आणि सातव्या प्रकरणासाठीच हे सगळं पुस्तक चाललं होतं हे मला हळूहळू कळलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी प्रयोग ठरवला. तीन माणसं, एकवीस दिवस, एक बंद खोली. कॉलेजने परवानगी नाकारली. बाई म्हणाल्या, "मी परवानगी मागितली नव्हती, आमंत्रण दिलं होतं." तळ्यामागे एक बंद पडलेली भातगिरणी होती. मालकाच्या आईचे गुडघे बाईंनी बरे केले होते, त्यामुळे गिरणीची माडी मिळाली. खिडक्यांना गोणपाट ठोकलं. तिघांमध्ये मी होतो, माझ्या वर्गातला कॉलनीतला सुर्वे होता आणि बाईंची स्कूटर दुरुस्त करणारा इस्माईल होता. इस्माईलने एवढंच विचारलं, "डॉक्टरसाब, आत नमाजाची दिशा कळेल ना? मंगळावर कळणार नाही, ते पुढचं पुढे बघू."

दाराला कडी आतून होती, बाहेरून नव्हती. यावर बाईंचा कटाक्ष होता. "कडी बाहेर असली तर तुम्ही कैदी. आत असली तर प्रवासी." दाराला एक फट होती, तिच्यातून चिठ्ठी टाकायची. बाहेर बाई स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ घेऊन बसायच्या. आम्ही टाकलेली चिठ्ठी त्या वीस मिनिटं हातात घ्यायच्या नाहीत, आणि त्यांचं उत्तर आत यायला आणखी वीस मिनिटं. मंगळाशी बोलायला एवढा वेळ लागू शकतो. मीठ संपलं असं कळवलं की चाळीस मिनिटांनी उत्तर यायचं, "डाव्या फळीवर बघा."

सहाव्या दिवशी बाबा सुकी मासळी घेऊन पनवेलला आले होते, ते गिरणीवर आले. फटीतून बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी आली: "तुझे बाबा आले होते. त्यांनी लिहायला सांगितलं: घरी समदं बरं हाय."

ही चिठ्ठी वाचून सुर्वे म्हणाला, "वा!" मी चिठ्ठी उलटी करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. आमच्याकडची रीत बाहेरच्यांना माहीत नसते. समुद्रात एक बोट दुसरीला भेटली की ओरडून विचारतात, घरी कसं आहे? उत्तर एकच असतं, "बरं हाय." घरी कोणी मेलं असलं तरी "बरं हाय." दर्यावर असलेल्या माणसाला वाईट सांगायचं नाही. माझ्या काकांचं तान्हं मूल गेलं तेव्हा ते समुद्रात होते. नऊ दिवसांत त्यांना तीन बोटी भेटल्या, आणि तिन्ही बोटींनी "बरं हाय" सांगितलं. मी आत आलो तेव्हा आईला ताप होता. आता मी दर्यावर होतो, आणि बाबांनी मला बरं हाय सांगितलं होतं.

मी चिठ्ठी टाकली, "आईला काय झालं?" चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, "काही नाही. बरी आहे." त्याने तर माझी खात्रीच झाली.

"अरे, तुझ्या बापाने स्वतः लिहवलंय यार," इस्माईल म्हणाला.

"म्हणूनच," मी म्हणालो.

दोन दिवस मी जेवलो नाही. सुर्वेशी चमच्यावरून भांडलो. आठव्या दिवशी दुपारी कडी काढली आणि पायात चपला न घालता एस.टी. स्टँडवर धावलो. बाई बाहेर घड्याळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही. करंजाला पोचलो तर आई वाळवणाच्या जागी जवळा पसरत होती. तिने वर बघितलं. "काय रं? कालेजातून हाकलला काय तुला? चपला कुटं टाकल्यास?" मी तिथेच जवळ्यात बसून रडलो. तिला वाटलं, खरंच हाकललं.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो ते माफी मागायला. प्रयोग माझ्यामुळे फुकट गेला होता, आणि कोळ्याचा पोर पळून गेला हे सुट्टीनंतर कॉलेजभर होणार होतं. मला वाटलं, आता त्या मला करंजासुद्धा म्हणणार नाहीत. त्यांनी चहा दिला आणि वही उघडली. "'बरं आहे' वाचलंस तेव्हा किती वाजले होते? आधी पोटात झालं की छातीत? माझं उत्तर वाचून कमी झालं की वाढलं?" तीन तास त्या विचारत होत्या आणि मी सांगत होतो. शेवटी त्यांनी पेन ठेवलं. "लोक म्हणतात, वाईट बातमी लपवली तर माणूस सुखात राहतो. तुमच्या समुद्रात इतकी वर्षं लपवलीत, की आता चांगली बातमीसुद्धा कोणाला खरी वाटत नाही. तू पळाला नाहीस, करंजा. तू मला सातवं प्रकरण दिलंस."

पुढच्या आठवड्यात त्या माझ्याबरोबर करंजाला आल्या. लिलाव संपला होता. धक्क्यावर बाबा जाळं विणत होते. बाई एका उलट्या टोपलीवर बसल्या. बाबांनी मान वर केली नाही. पोराला खोलीत कोंडणाऱ्या बाईबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

"तांडेल, दर्यावरच्या माणसाला खरं का सांगत नाही?" बाईंनी विचारलं.

"आनि रडवून काय फायदा, बाय? हात थरथरला का दोरीत बोट जातं. एकाचं ध्यान गेलं का बाकीच्यांचा जीव जातो. तुमी कागदावर लिवता, आमाला जाळं वढायचं हाय."

बाईंनी ते वहीत उतरवलं. एवढं सरळ उत्तर त्यांना वरिष्ठांकडूनही मिळालं नसावं. मग म्हणाल्या, "बरं. पण तुम्हाला कोणी 'बरं हाय' सांगितलं, तर तुम्ही ते मानता?"

बाबांची सुई थांबली. "खरं सांगू? तसं कोनी बोललं, का मी हिला मनात मारूनच घरी येतो. सगळं करतो तिचं, दहाव्यापरयंत. मंग धक्क्यावर उबी दिसली का ती जिती व्हते."

मागे आई उभी होती. तिच्या डोक्यावर टोपली होती. "अगो बाय! मला मारता आनि मला सांगत पन नाय? आनि मी काय वेगळं करते? मी पन तुमाला दर फेरीला बुडवते. लग्नाला बावीस वर्सं झाली, किती येळा बुडवलं त्याला गनती नाय."

धक्क्यावरची माणसं हसली. बाबाही हसले, पण सुई लवकर सुरू झाली नाही. मी त्या दोघांना एकमेकांशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या एस.टी.त बाई वही उघडून बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मी चुकत होते." मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. बाईंच्या तोंडी हे वाक्य मी त्यापूर्वी आणि त्यानंतर ऐकलं नाही. "मी म्हणत होते, सगळ्यांना सगळं सांगा. तुझे बाबा म्हणतात, हात थरथरतो. तेही खरं आहे. मग ठरवायचं कोणी? ज्याचा हात आहे त्याने. आणि निघण्यापूर्वी, एकट्याने, घरच्यांना न विचारता. कळवा म्हणाला तर सगळं कळवायचं, नको म्हणाला तर नाही. आणि एकदा दिलेला शब्द कोणत्याही साहेबाने मोडायचा नाही."

ते सातवं प्रकरण. माझ्या अक्षरात त्याची स्वच्छ प्रत आहे.

मे महिन्यात आम्ही तिघं पुन्हा गिरणीत गेलो. या वेळी जाण्यापूर्वी प्रत्येकाने एक बंद पाकीट बाईंना दिलं. इस्माईलने लिहिलं, "कळवा. फक्त मॅच हरलो तर नको." सुर्वेने "नको" लिहिलं. मी "कळवा" लिहिलं, आणि पुन्हा वाचायला नको म्हणून पाकीट लगेच चिकटवलं.

पंधराव्या दिवशी फटीतून चिठ्ठी आली. ती माझ्याजवळ आहे. "करंजा, काल सकाळी तुमची बोट खडकावर फुटली. बोट गेली. माणसं सगळी सुखरूप आहेत. बाबांचा उजवा हात मनगटात मोडला, प्लास्टर मी स्वतः जाऊन पाहिलं. कडी तुझ्या बाजूला आहे."

मी ती तीनदा वाचली. इस्माईलने माझ्या पाठीवर हात ठेवला. सुर्वेने माझ्या वाटची कामं केली. मी दारापर्यंत गेलो, कडीला हात लावला आणि परत येऊन बसलो. त्या रात्री मला झोप लागली याची पुढे मला लाज वाटली. गावात म्हणाले, बापाचा हात मोडला आणि हा खोलीत बसून राहिला. पण "सुखरूप" हा शब्द मला खरा वाटला होता. बोट गेली हे ज्या चिठ्ठीने लपवलं नाही, तिच्यावर माझा विश्वास बसला होता. बाकीचे सहा दिवस मी पूर्ण केले.

बाहेर आल्यावर बाबांनी सांगितलं, "तुजी बाय सोता आली. प्लास्टर ठोकून बघितलं. बोलली, पोराला कळवनार. मी बोललो, नका. ती बोलली, तुमाला इचारायला नाय आले, सांगायला आले." मग जरा थांबून म्हणाले, "बाई तांडेल व्हायची. चुकून डाक्टर झाली."

पुस्तक पुरं करून बाईंनी त्यांच्या जुन्या कचेरीकडे पाठवलं. पाच महिन्यांनी तिथले एक साहेब खांदा कॉलनीत आले. बाईंच्या हाताखाली कधीकाळी शिकलेले, सभ्य गृहस्थ. मी कोपऱ्यात प्रत उतरवत बसलो होतो. साहेबांनी पुस्तकाची मनापासून स्तुती केली. मग म्हणाले, "मॅडम, फक्त सातवं प्रकरण काढू या. बाकी सगळं छापू, तुमच्या नावाने. अधिकाऱ्याने काय सांगायचं ते अधिकाऱ्यावर सोडायला हवं. शिस्तीचा प्रश्न आहे."

"आणि अधिकाऱ्याने 'सगळं ठीक आहे' सांगितलं, तर आतल्या माणसाने ते खरं का मानावं?"

"मॅडम, तुमचा पुरावा काय? तीन मुलं, एक गिरणी, आणि एक कोळी."

"दोन," बाई म्हणाल्या. "त्याची बायकोपण आहे."

साहेब हसले, पण अजिजीने म्हणाले, "वीस वर्षांचं काम आहे तुमचं. एका प्रकरणापायी घालवू नका. तुमचं नाव राहील."

"मग असं करा. माझं नाव काढा आणि प्रकरण ठेवा."

साहेबांनी चहा संपवला. जाताना त्यांनी बाईंच्या पायाला हात लावला. महिनाभराने सगळं बाड तीन ओळींच्या पत्रासह परत आलं. बाईंनी वरचा कागद बदलला आणि तेच बाड पुन्हा पाठवलं. पुन्हा आलं, पुन्हा पाठवलं. पोस्टातला कारकून एकदा म्हणाला, "बाई, यात आहे तरी काय?" बाई म्हणाल्या, "हट्ट." तो म्हणाला, "मग रजिस्टर करा, हरवायला नको."

मी एम.एस्सी.साठी कोल्हापूरला गेलो. तिथल्या पहिल्या पावसाळ्यात बाईंचं कार्ड आलं. "करंजा, मला पोटाचा कॅन्सर आहे. डॉक्टर सहा महिने म्हणतात, मी चार धरते. यायचं तर दिवाळीआधी ये. रडायचं असेल तर येऊ नकोस, इथे त्यासाठी सुर्वेची आई आहे." मी गेलो. विटा काढल्या होत्या, खाट सरळ होती. बाई फार बारीक झाल्या होत्या. त्यांनी पोटरीला टेप लावायला सांगितलं. "लिही. पडून राहिलेल्या माणसाच्या पायाचं मांस कसं जातं. एवढं चांगलं माप मला आधी कधी मिळालं नव्हतं." त्यांचं सगळं बघायला येणारी सुर्वेची आई पदर तोंडाला लावून आत गेली. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरने "आज बऱ्या दिसताय" असं म्हटलं, तर त्याला त्यांनी पुन्हा नाडी मोजायला लावली आणि आकडा मोठ्याने म्हणायला लावला.

निघताना मी म्हणालो, "बाई, प्रकरण मी पाठवत राहीन." खरं तर मला वेगळंच काहीतरी बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "पाठवशीलच. तुझी ती दाढ काढलीस का?" मी काढली होती. त्यांनी मला आ करायला लावून खात्री करून घेतली.

मार्गशीर्षात वसतिगृहाच्या फोनवर सुर्वे बोलला. "बाई गेल्या. आज सकाळी सव्वासहाला. शुद्धीत होत्या." त्याने एवढंच सांगितलं, जास्त नाही आणि कमी नाही. मीही एवढंच लिहितो.

मी बाड दोनदा पाठवलं. एकदा परत आलं, एकदा आलंच नाही. यंदा होळीला घरी आलो तेव्हा सुर्वेच्या आईने एक पत्र दिलं. बाईंच्या नावाने खांदा कॉलनीला आलेलं, तिने जपून ठेवलेलं. लिहिणारे साताऱ्याकडचे एक वायरलेसवाले. दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकावर आपली जी तुकडी वर्षभर राहते, तिच्यात ते होते. तिथे हिवाळ्यात कोणतंही जहाज पोचत नाही, कोणालाही परत आणता येत नाही. त्यांना तिथल्या डॉक्टरकडून कळलं होतं, की बाईंकडे आलेल्या साहेबांनी बाड परत करण्यापूर्वी सातव्या प्रकरणाची झेरॉक्स काढून ठेवली होती. कोणाला न सांगता त्यांनी ती तुकडीच्या डॉक्टरला दिली. डॉक्टरने निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून बंद पाकीट घेतलं. बहुतेकांनी "कळवा" लिहिलं. तिघांनी "नको" लिहिलं. त्या तिघांत हे वायरलेसवाले होते.

"हिवाळ्यात माझे वडील गेले," त्यांनी लिहिलं होतं. "मी वायरलेसवर होतो, पण तो निरोप दुसऱ्याने घेतला आणि मला कोणीही सांगितलं नाही, कारण मी नको म्हटलं होतं. बोटीत चढल्यावर डॉक्टरांनी माझं पाकीट माझ्या हातात दिलं आणि मग सांगितलं. मी फार रडलो. पुन्हा विचारलं तर मी 'नको'च लिहीन की नाही, ते मला आज सांगता येत नाही. पण मला कोणाचा राग आला नाही, कारण माझ्या वतीने कोणी काही ठरवलं नव्हतं. आपली ओळख नाही. हे आपल्याला कळवावं असं वाटलं, म्हणून लिहितो आहे. पुढची तुकडी गेल्या महिन्यात रवाना झाली. निघण्यापूर्वी त्यांनाही विचारलं आहे."